छापून न आलेला वहाळ

कर्णा उलटा बांधला गेला. बांधणारा प्रस्तुत लेखकच, तरुण मंडळाचा त्या वेळचा चिटणीस. मंडळात आंब्यावर चढता येणारा तो एकटाच होता, म्हणून हा मान त्याच्याकडे आला. खाली उतरल्यावर त्याने माइकवर फुंकर मारली, 'हॅलो हॅलो' केलं आणि मोठ्या समाधानाने चहा प्याला. दोन कर्ण्यांपैकी मैदानाकडचा मुका निघाला आणि बोलका तेवढा समोरच्या डोंगरावरच्या धनगरवाड्याकडे तोंड करून बसला, हे त्याच्या गावीही नव्हतं. लोकांना वाटलं, बॅटरी उतरली. ते बिचारे सरकत सरकत टेबलापाशी आले आणि सभा पार पडली.

सन ऐंशीचा मे महिना होता. कुलाबा जिल्ह्याचं रायगड व्हायचं होतं अजून. आणीबाणी मागे पडलेली, पोरांच्या अंगात लोकशाही शिरलेली. तेव्हा मंडळाने असं काढलं, की उमरठच्या शाळेपुढे दोन्ही उमेदवारांना एकाच टेबलाशी बसवायचं आणि समोरासमोर बोलायला लावायचं. एक जुने टोपीवाले, त्यांना सगळे भाऊ म्हणत. दुसरे महाडचे वकील. दोघेही आले, दोघांनीही एकमेकांकडे पाठ होईल अशा खुर्च्या फिरवून घेतल्या.

वर धनगरवाड्यात धोंडूबाई ढेबे गोठ्यातलं शेण ओढत होती. तिला खालच्या सभेचं काही सोयरसुतक नव्हतं. मतदान ती करायची, पण ते बाजाराच्या वाटेवर पडतं म्हणून. तेवढ्यात आभाळातून यावा तसा वकिलांचा आवाज आला.

"या समोरच्या वाडीवरची आवडी नावाची लेकुरवाळी होणारी पोर गेल्या पावसात का मेली? मधल्या ओढ्यावर साधा पायपूल नाही, साकव नाही म्हणून मेली!"

धोंडूबाईच्या हातातली पाटी थांबली. आवडी ही तिची लेक.

मग दुसरा आवाज. हा भाऊंचा, खाकरत, चवीने. "वकीलसाहेब, कोर्टात चालेल हे, इथं नाही. ती साकवाविना मेली नाही, भगताच्या नादाने मेली! यांना दवाखाना नको, यांना भगत पाहिजे. आता भगताला यायला-जायला मी साकव बांधून देऊ काय?"

खाली लोक हसले. ते हसणंही कर्ण्याने इमानेइतबारे डोंगरावर पोचवलं.

"आये," तिचा मुलगा सखा दारात येऊन म्हणाला, "आवडीचं नाव घेतात गो."

"ऐकलं." तिने हात पदराला पुसले. "म्हशी बांध. मी आली जाऊन."

धोंडूबाईला ओळखणाऱ्यांना ती आधी ऐकू यायची आणि मग दिसायची. नवरा भिकू तरणाताठा गेला, तेव्हा सखा रांगत होता आणि आवडी पोटात. त्या दिवसापासून तिने गोठा, शेत आणि दोन पोरं एकटीने ओढली. म्हशींना ती नावानं हाक मारायची, बापयांना, म्हणजे पुरुषांना, "ए" म्हणून. एष्टीच्या कंडक्टरला 'मास्तर' म्हणायची आणि अर्धं तिकीट मागायची. का, तर "मी बसत नाय, उभीच ऱ्हाते." पोलादपूरच्या बाजारात तिच्याशी घासाघीस करायला कुणी धजत नसे.

आवडी दिली ती पोलादपूरच्या खालच्या अंगाला, काशीबाईच्या घरात. विहिणी-विहिणींचं जमतं असं कुणी कधी ऐकलं नसेल, पण या दोघींचं जमलं. बाजाराच्या दिवशी दोघी वडाच्या पाराशी बसत, तळहातावर मिश्री घेत आणि आपापल्या मुलांच्या कागाळ्या करत. "तुझा जावई म्हंजे निव्वळ दगड गो," असं काशीबाई स्वतःच्याच मुलाबद्दल म्हणायची, आणि धोंडूबाई म्हणायची, "माझी लेक तरी कुठं फूल हाय!" मग दोघी हसून हसून लोळायच्या.

आवडी पहिलटकरीण. माहेरी आली जेठात. आषाढात, भर पावसात, सकाळीच कळा सुरू झाल्या. सुईण म्हणाली, मूल आडवं आहे, माझं काम नाही, पोलादपूरला न्या. सखाने आणि वाडीतल्या बापयांनी घोंगडीची झोळी केली, बांबूला बांधली आणि उताराने आवडीला खाली आणली, वहाळापर्यंत. वहाळ म्हणजे वाडी आणि उमरठ यांच्यामधला ओढा. उन्हाळ्यात त्यात शेळीचा खूर भिजत नाही. आषाढात तो म्हैस नेतो.

पलीकडे उमरठची माणसं जमली. दोर आणला. फेकला. पाण्याने ओढून नेला. पुन्हा फेकला. अलीकडे धोंडूबाई झोळीशी बसून लेकीच्या तोंडावर इरलं धरून होती. पाऊस थांबेल, पाणी उतरेल, असं सगळे म्हणत होते, कारण दुसरं म्हणण्यासारखं काही नव्हतं.

"आये, पानी उतरला?" आवडी विचारायची.

"उतरतोय गो. ह्यो काय, दगड दिसाय लागला."

दगड दिसत नव्हता. दिवस मावळायच्या सुमाराला आवडीने विचारायचं थांबवलं.

पाणी दुसऱ्या दिवशीही उतरलं नाही. तिला अलीकडच्या काठावरच माती दिली. बाळंतपणात गेलेली बाई परत येते असं वाडी मानते, म्हणून वाडीतल्या जुन्या माणसांनी वरच्या अंगाचा भगत आणला. त्याने मसणवटीपासून घरापर्यंतच्या वाटेवर राळे पेरले. येणारी बाई एकेक दाणा वेचत बसते, तोवर उजाडतं, आणि तिला घर गाठता येत नाही, असा त्यातला हिशेब.

धोंडूबाई दारात आडवी उभी राहिली होती. "माझी लेक माझ्या घरी येत आसंल तर येऊ दे की! मी काय दार लावत्ये तिला?"

तिचं कुणी ऐकलं नाही. भगत गेल्यावर ती पाटी घेऊन बाहेर पडली आणि वाकून वाकून सगळे राळे तिने वेचले. चिखलातले, गवतातले. वाट मोकळी केली. त्यानंतर तिचं ते डोंगरभर ऐकू जाणारं हसणं कुणी ऐकलं नाही.

तर अशी ती धोंडूबाई मेच्या उन्हात अनवाणी उतरत आली. कोरडा वहाळ ओलांडला. वहाळात उमरठची पोरं विटीदांडू खेळत होती. सभा आटोपत आली होती. भाऊ आभार मानत होते. ती सरळ टेबलापाशी गेली.

"ए टोपीवाल्या," ती म्हणाली, "भगत कवा आला ते तुला कुनी सांगितलं?"

मंडळी चपापली. मग चिटणीसांना लोकशाही आठवली आणि त्यांनी माइक तिच्यापुढे केला. धोंडूबाईने उभ्या जन्मात माइक धरला नव्हता. तो तोंडाला लागला तशी ती एकदम हळू बोलू लागली, देवळात बोलावं तशी. आधी वहाळ सांगितला. झोळी सांगितली. दोर सांगितला. मग मरण सांगितलं, आणि सगळ्यांत शेवटी भगत. "आधी वहाळ," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "मग मरान. मग भगत. ह्यो मानूस भगत आधी घालतो."

मैदानात पहिल्या दोन रांगांपलीकडे यातलं काही पोचलं नाही. कर्ण्याचं तोंड कुठे आहे हे त्या क्षणी, वरून येणाऱ्या तिच्याच आवाजाच्या पडसादावरून, सगळ्यांना उमगलं. धनगरवाड्याने मात्र तिचा शब्द न् शब्द ऐकला. तिथे तो सगळ्यांना ठाऊकच होता.

मागच्या बाजूला चहाच्या टपरीशी सदू बसला होता. सदूचं पोलादपूरला सायकलचं दुकान, आणि महाडच्या एका साप्ताहिकाचा तो तालुका वार्ताहर. पगार नव्हता, खिशाला पेन आणि सभेत खुर्ची, एवढंच मिळायचं. त्या दिवशी त्याला ऐकू काहीच आलं नाही, दिसलं मात्र सगळं; उमेदवार काय म्हणाले ते तेवढं त्याने पुढे बसलेल्यांना विचारून घेतलं. संध्याकाळच्या महाड गाडीने त्याने ड्रायव्हरच्या हाती बातमीचं पाकीट दिलं.

अंक आला. पहिल्या पानावर, चौकटीत: 'साकव की भगत? उमरठच्या आखाड्यात खडाजंगी!' भाऊंनी टोपी कशी सरळ केली, वकिलांनी बाह्या कशा सरसावल्या, कुणाच्या वाक्याला टाळ्या आणि कुणाच्या वाक्याला शिट्ट्या, सगळं आलं होतं. उलट्या कर्ण्यावर एक स्वतंत्र परिच्छेद होता, त्यात चिटणीसांचं नाव पहिल्यांदा आणि शेवटचं छापून आलं. 'भगताच्या मुद्द्यावर वकीलसाहेब निरुत्तर झाल्याने भाऊंचे पारडे जड झाल्याचे जाणकारांचे मत आहे,' असंही होतं. जाणकार म्हणजे सदू. आणि शेवटी: 'एका वृद्धेने ध्वनिक्षेपकाचा ताबा घेतल्याने काही काळ गोंधळ माजला.'

शाळेच्या ओट्यावर रामजी गुरुजींनी तिला ते वाचून दाखवलं. रामजी गुरुजी उमरठच्या बौद्धवाडीतले, शाळेवर शिक्षक. त्यांनी वाचून अंक घडी केला.

"संपला?"

"संपला, आजी."

"वहाळ कुठाय?"

गुरुजींनी घडी पुन्हा उघडली, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. "वहाळ नाही."

तिने त्या वेळी तेवढ्यावर सोडलंही असतं. पण पुढच्या बाजाराला काशीबाई वडाखाली आली नाही. धोंडूबाईने तिला भाजीवाल्यांच्या गर्दीत गाठलं.

"काय गो, पाराशी नाय आलीस?"

काशीबाईने मान फिरवली. "माझ्या सुनेला भगताच्या हाती दिलीस, धोंडे?"

"तुला सांगितलाय ना मी सगळा! वरसभर तुझ्या गळ्यात पडून रडत्ये ती काय खोटी?"

"तू सांगितलास ते तुझं. ह्ये छापलंय गो. माझ्या ल्योकानं वाचून दाखवलान. अख्ख्या गावानं वाचलंन."

भाजीवाला म्हणाला, बायांनो, पलीकडे भांडा. भांडण नव्हतंच ते. काशीबाई रडत होती. धोंडूबाई रडली नाही. ती तशीच सदूच्या दुकानावर गेली. सदू ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता.

"ए सदू. माझी विहीन मला परत आनून दे."

सदू गांगरला. सगळं ऐकल्यावर म्हणाला, "मावशे, माझी चूक काय यात? एक म्हणाला साकव, एक म्हणाला भगत. मी दोन्ही लिहिलं. आम्हाला निःपक्षपाती राहावं लागतं."

"आनि मी म्हनली ते?"

"ते ऐकूच नाही आलं ना! आणि मावशे, खरं सांगू का? तो वहाळ मी बघितला. पोरं विटीदांडू खेळत होती त्यात. कोण बुडणार त्यात, सांग?"

"आखाडात ये."

"निवडणुका आखाडात नसतात, मावशे," सदू म्हणाला. तो हे चिडवायला म्हणाला नव्हता. खरंच तसं होतं.

त्यानेच तोड सुचवली. बातमी आता शिळी झाली, पण जाहीर खुलासा टाकता येईल. त्याला जाहिरातीचा दर पडतो. संपादक तात्यांशी त्याने परस्पर बोलून घेतलं. तात्यांचा स्वतःचा छापखाना होता. लग्नपत्रिकांनी तो चालायचा, साप्ताहिकाने तात्यांचा रुबाब चालायचा. धनगरवाड्याचं तूप म्हटल्यावर तात्या विरघळले. ठरलं: एक शेर तूप. अर्धा शेर आधी, अर्धा छापून आल्यावर.

खुलासा रामजी गुरुजींनी लिहिला. धोंडूबाई समोर बसून सांगत होती आणि दर वाक्याला पुन्हा वाचायला लावत होती.

"आधी वहाळ घातलाव ना?"

"आधीच घातलाय, आजी. हे बघा: आमची मुलगी सौ. आवडी हिला कळा सुरू झाल्यावर दवाखान्यात नेण्यासाठी आम्ही वहाळापर्यंत आणले. वहाळास पूर असल्याने दिवसभर थांबूनही पलीकडे जाता आले नाही. तेथेच ती वारली."

"दिवसभर थांबून. हां. आता घाला भगत."

"भगत आला होता हे खरे आहे, परंतु तो ती वारल्यानंतर आला, आणि आम्ही त्यास बोलावले नव्हते."

तिने ते आणखी एकदा वाचून घेतलं. मग म्हणाली, "झाक झालाय. काशीला कळंल." आणि अर्धा शेर तूप सदूच्या हवाली केलं.

तोवर निवडणूक झाली होती. दोघांतला एक निवडून आला. कोण, ते सांगून उपयोग नाही. साकव कुणाच्याच बरोबर आला नाही. मिरगाचा पाऊस सरला, आर्द्राचा लागला, वहाळ भरून वाहू लागला. एक उघडीप बघून धोंडूबाई उरलेल्या तुपाचा डबा फडक्यात बांधून, मांडीएवढ्या पाण्यातून काठी टेकत उतरली. बाजार होता, आणि अंक आला होता.

या वेळी काशीबाई आपणहून पुढे आली. धोंडूबाईचा चेहरा उजळला.

"वाचलान तुझ्या ल्योकानं?"

"वाचलान." काशीबाईचा आवाज थंडगार होता. "तूच छापून घेतलास की, भगत आला व्हता म्हनून."

"आनि वहाळ?"

"कसला वहाळ?" असं म्हणून काशीबाई गर्दीत निघून गेली. पुन्हा ती पाराशी बसायला कधी आली नाही.

धोंडूबाईने तशीच महाडची एष्टी पकडली. अर्धं तिकीट मागितलं नाही. कंडक्टरने दोनदा वळून बघितलं.

छापखान्यात तात्या प्रुफं तपासत होते. त्यांनी अंक काढला, चष्मा चढवला आणि हरवलेल्या बैलाची जाहिरात आणि साड्यांचं दुकान यांच्यामधला मजकूर वाचून दाखवला. "'जाहीर खुलासा. आमच्या वाडीवर भगत आला होता हे खरे आहे. परंतु तो सौ. आवडी हिच्या निधनानंतर आला, याची संबंधितांनी नोंद घ्यावी. धोंडूबाई भिकू ढेबे.' सुबक झालाय की! नावसुद्धा ठळक टाकलंय तुमचं."

"वहाळ कुठाय ह्यात?"

"अहो आजीबाई, जागा केवढी? काटछाट करावी लागते. वाद होता भगताचा. त्याचा खुलासा झाला. वहाळावर वाद कुणी घातला होता?"

"वकील म्हनला व्हता."

"तो साकवाबद्दल म्हणाला. साकव हा निवडणुकीतला मुद्दा, आणि निवडणूक आता संपली." तात्या हे अगदी समजुतीने सांगत होते, लहान पोराला पाढा सांगावा तसं. मग त्यांची नजर फडक्याकडे गेली. "बरं, ते अर्धा शेर—"

धोंडूबाईने फडक्याची गाठ आवळली. "वहाळ छापा, नि मग न्या."

"अगो, पण ठरलं होतं!"

"वहाळ ठरला व्हता," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

उमरठला पोचेतो डोंगरात धो धो पडून गेलं होतं. वहाळ म्हैस नेण्याइतका झाला होता. पलीकडच्या काठावर सखा आणि त्याची बायको रखमा तिला न्यायला येऊन उभी होती. सखाने दोन्ही हातांचा कर्णा केला आणि ओरडला. पाण्याच्या आवाजात काही कळेना. तिने ओळखलं, विचारतोय, छापलं का? तिने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते सखालाही कळलं नाही. ती काठावर बसली. अंगावर इरलं नव्हतं. पाणी उतरेल म्हणून ती बसली नव्हती. ते उतरणार नाही हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

अंधारायच्या आत रामजी गुरुजी छत्री घेऊन आले. "आजी, चला घरी. उद्या बघू."

एरवी ती गुरुजींच्या बौद्धवाडीतल्या घराच्या पायरीवरूनच बोलून परत फिरायची. वाडीची तशी रीत होती. त्या दिवशी ती आत गेली आणि चुलीशी बसली. गुरुजींच्या बायकोने, कमळाबाईने, तिला कोरडं लुगडं दिलं आणि गरम भात वाढला. गुरुजींनी अंक आधीच वाचला होता.

धोंडूबाईने एक घास घेतला आणि थांबली. "तिला सांगत व्हती मी," ती भाताकडे बघत म्हणाली, "पानी उतरतोय म्हनून. ती मला खरी मानत व्हती गो."

कमळाबाईने तिच्या पाठीवर हात ठेवला.

थोड्या वेळाने धोंडूबाईने फडकं सोडलं, डबा उघडला आणि कमळाबाईच्या, गुरुजींच्या आणि शेवटी स्वतःच्या भातावर तूप वाढलं. सढळ हाताने. उरलेला डबा तिने चुलीशेजारी ठेवला आणि सकाळी उचलला नाही.

तात्यांना अजून उमरठकडचं कुणी भेटलं, की ते आठवण करतात: त्या ढेबेबाईंकडे आमचं अर्धा शेर तूप राहिलंय, निरोप द्या. लोक निरोप देतात. ती ऐकून घेते, आणि म्हशींकडे जाते.